संगणकावरील तिपिटक : सुलभता आणि साक्षेप

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे ग्रंथ मिळवणे हाच एके काळी मोठा अडसर होता. 1881 साली स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीची रोमन संस्करणे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होती. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली 1956 ते 1961 या काळात नालंद्याहून निघालेल्या देवनागरी तिपिटकाचे 41 खंडही घरी ठेवणे थोड्यांनाच शक्य होते. 1988 साली बँकॉकच्या महिडोल विद्यापीठाने तिपिटक संगणकावर आणले. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने 1997 साली छट्ठसंगायनाची सीडी प्रसिद्ध केली. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. म्हणूनच त्याची चिकित्साही व्हावयास हवी.

पहिला प्रश्न साक्षीचा आहे. इगतपुरीच्या प्रतीचा आधार 1954 ते 1956 मध्ये रंगून येथे भरलेल्या सहाव्या संगीतीचे संस्करण हा होय. 'सुत्तसेंट्रल' या संग्रहातील पाली पाठ महासंगीती संस्करणाचा आहे आणि त्या संस्करणाचे मूळही सहाव्या संगीतीतच आहे. दोन्हीकडे एकच पाठ दिसला म्हणजे दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या, असे समजणे चूक ठरेल. साक्षी एकच आहे. ती दोन ठिकाणी उमटली आहे, इतकेच. इगतपुरीच्या प्रतीत सिंहली, स्यामी इत्यादी परंपरांचे पाठभेद नोंदले आहेत हे खरे. परंतु शब्द शोधून पुढे जाणारा वाचक त्या नोंदींपाशी क्वचितच थांबतो.

दुसरा प्रश्न व्याप्तीचा आहे. ब्रह्मी परंपरा 'मिलिंदपञ्ह' खुद्दक निकायात धरते. सिंहली परंपरेत तो आदरणीय असला तरी तिपिटकाबाहेरचा ग्रंथ आहे. संपूर्ण तिपिटकात एखादा शब्द किती वेळा येतो, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच प्रतीगणिक बदलेल. संगणक संख्या देतो. ती कोणत्या परंपरेची, हे अभ्यासकाने विचारावे लागते.

अशा साधनांना एकत्र जोडणारी सामायिक व्यवस्था हवी. युरोपात भाषिक साधनांसाठी 'क्लॅरिन' (2012) आणि कला व मानव्यविद्यांसाठी 'दारिया' (2014) या आंतरराष्ट्रीय संस्थांना कायदेशीर रूप मिळाले. सदस्य देशांच्या वर्गणीमुळे त्यांचे काम एखाद्या व्यक्तीच्या उत्साहावर किंवा एका अनुदानावर अवलंबून राहत नाही. आपल्याकडे ऑक्टोबर 2024 मध्ये मराठी व पाली या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा मिळाला. त्या दर्जाचा विनियोग समारंभांपेक्षा अशा कामी व्हावा.

कामे उघड आहेत. प्रा. ना. के. भागवत यांनी मुंबई विद्यापीठासाठी देवनागरीत संपादिलेले पाली ग्रंथ शोधता येतील अशा स्वरूपात यावेत. महाराष्ट्र शासनाने 1998 साली प्रसिद्ध केलेल्या सोळाव्या खंडातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाली शब्दकोश मूळ पाठाशी जोडला जावा. त्यात मराठी अर्थही आहेत. प्रत्येक उताऱ्याला कायम राहणारा क्रमांक असावा, आणि संस्करण, पृष्ठ व पाठभेद त्याच्यासोबतच दिसावेत. विद्यापीठे, विहार आणि ग्रंथालये यांनी ही कामे वाटून घेतली, तर खेड्यातील विद्यार्थ्यालाही पाठ मिळेल आणि त्या पाठाची परीक्षा करण्याचे साधनही मिळेल. यांपैकी पहिली गोष्ट आज बऱ्याच अंशी साधली आहे. दुसरी अद्याप व्हावयाची आहे.