पडद्याची आठवण कुणी ठेवायची?

मंडळी, जावाचं कोणतं फ्रेमवर्क चांगलं, या प्रश्नाला आमच्या मते अर्थच नाही. पडद्यावर काय चाललंय ते लक्षात कुणी ठेवायचं, हे आधी विचारा.

२००४ साली जेएसएफ आणि स्प्रिंग या दोघांची १.० आवृत्ती आली. (स्प्रिंगचा कर्ता रॉड जॉन्सन संगीतशास्त्रातला डॉक्टर, आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना तेवढाच धीर!) जेएसएफ पडद्यावरच्या बटणा-रकान्यांचं झाड सर्व्हरवर उभं करतं. स्प्रिंग एमव्हीसीचं तसं नाही. विनंती आली, उत्तर दिलं, मोकळे.

आता सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत घ्या. एक संगणक, दिवसभर हळदीच्या पट्ट्या. तिथं जेएसएफ खुशाल वापरा. पण पाटणच्या डोंगरात कुणी मोबाइलवर पिकाचा अर्ज भरतोय, रेंज गेली, तासाभरानं आली. तोवर सर्व्हरवरचं सेशन संपलेलं, अर्ज पुन्हा पहिल्यापासून! तिथं भरलेलं मोबाइलवरच राहायला हवं. सर्व्हरवर स्प्रिंग फक्त तपासणी करील.

'मग दोन्ही जोडू', असं सर्रास म्हणतात. जोडा की! पण वस्तू निर्माण करणारे कारभारी दोन झाले, बरं का. जेएसएफला 'एका पानापुरती' ही मुदत कळते, स्प्रिंगमध्ये ती मुळात नाही. मग सगळं सेशनमध्ये कोंबतात. अडतीवर दोन टॅब उघडले, की एका शेतकऱ्याचं वजन दुसऱ्याच्या पट्टीत. कारभार स्प्रिंगकडे द्यायचा, तर पानापुरती मुदत त्याला आधी शिकवा, मगच जोडा.