सडा, वाडी, खाडी

दाभोळच्या धक्क्यावर रस्ता सरळ पाण्यात उतरतो. समोर वाशिष्ठीच्या पलीकडे धोपाव्याची जेटी दिसते आणि तिथून तोच रस्ता काही झालेच नाही अशा थाटात पुढे चढू लागतो. रेवसपासून रेड्डीपर्यंत जाणाऱ्या या वाटेला सागरी महामार्ग हे नाव देणाऱ्याला विनोदाचे अंग असावे. मोटारसायकलवाल्यांच्या गप्पांत ताम्हिणी, वरंधा, माळशेज, आंबोली ही घाटांची नावे आधी निघतात. किनाऱ्यावरच्या या रस्त्याची आठवण होते ती बहुधा आरे-वारेच्या एका वळणापुरती, आणि तीही फोटोसाठी. मला हर्णै ते रत्नागिरी हा सगळा पट्टा सलग आवडतो, आणि का आवडतो हे त्याच्या बांधणीतच सापडते.

घाटाचा रस्ता नाट्यमय असतो. चढ, माथा, दरी, उतार, झाले. इथे माथा असा नाहीच. सडा, वाडी, खाडी आणि पुन्हा सडा, एवढ्या तीन गोष्टी आलटून पालटून येत राहतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा तोचतोचपणा वाटतो. पालशेत मागे टाकले की वेळणेश्वर येते, मग हेदवी, मग नरवण, मग तवसाळ. दर वेळी तसाच उतार, तशीच नारळी-पोफळी, तसाच चढ. पण दोन-तीन गावे झाली की हाताला ताल सापडतो आणि पुढचे वळण दिसण्याआधीच डावा पाय गिअर पाडायला तयार असतो. या रस्त्याची गोडी इथे सुरू होते.

हा ताल काही बांधकाम खात्याने बसवलेला नाही. कोकणचा किनारा म्हणजे जांभ्याचा सडा, एखादी परात उपडी घातल्यासारखा: वर सपाट, कडेला एकदम उतरता. सह्याद्रीत उगम पावलेल्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या त्याला चिरत पश्चिमेकडे आल्या. पुढे समुद्राची पातळी वाढली, त्यांची मुखे बुडाली आणि खाड्या झाल्या. वर कातळावर पाणी टिकत नाही, म्हणून गावे खाली, पाणी असेल तिथे वसली. रस्त्याला गाव भेटायचे तर खाली उतरावे लागते आणि गाव सोडायचे तर वर चढावे लागते. गाडी चालवणाऱ्याच्या मनगटाला जे कळते ते हे भूगर्भशास्त्रच आहे.

सड्यावर रस्ता मोकळा असतो. दोन्ही बाजूंना काळा पडलेला कातळ, मधूनच एखादी चिरेखाण, तिच्यातून निघालेला चिऱ्यांचा ट्रक आणि त्याच्यामागे तांबडी धूळ. पावसाळा सरता सरता याच कातळावर रानफुलांचे ताटवे असतात, दिवाळीनंतर वाळलेले गवत, आणि माघ-फाल्गुनात कलमांच्या बागांवरून मोहोराचा वास. इथे चौथा-पाचवा गिअर लागतो, पण फार वेळ नाही. पुढे रस्ता अचानक संपल्यासारखा दिसतो, म्हणजे उतार आला. तिसरा, मग दुसरा. ब्रेकपेक्षा इंजिनावर गाडी धरायची, कारण वळणावर तांबडी बारीक खडी पसरलेली असते आणि समोरून एसटी येण्याची शक्यता नेहमीच असते. ती आधी हॉर्नने येते, मग दिसते.

आणि मग गारवा. एखाद्या वळणानंतर हवा एकदम बदलते. तापलेल्या कातळावरून आलेल्या अंगाला पोफळीच्या सावलीतला ओलसर थंडावा लागतो. काच खाली करून गाडीत बसलेल्यालाही तो लागतो म्हणतात, पण तेवढा नाही. वाडीतला रस्ता दोन गडग्यांच्या मधून जेमतेम निघतो. उजवीकडे कुणाचे खळे, त्यावर सुपारी वाळत घातलेली. डावीकडे उतरत्या कौलांचे देऊळ. हँडलसमोर कोंबडी येते आणि तिला काहीच घाई नसते. इथे वेग हा शब्दच गैरलागू. म्हणून या रस्त्याला सव्वाशे-दीडशे सीसीची साधी गाडी उत्तम. पाचशे-सहाशे सीसीच्या धुडांचे जथे इथे येतात तेव्हा त्यांचा आवाज गावाला आणि गाव त्यांना, दोघांनाही एकमेकांचा त्रास होतो.

वासाचेही एक वेळापत्रक आहे. सकाळी जमिनीकडून मतलई वारे वाहतात, तेव्हा चुलीचा धूर, शेण, ओली पातेरी यांचा वास येतो. दुपारी वारा फिरला की मीठ आणि हर्णैसारख्या बंदराजवळ सुकत घातलेले बोंबील. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे बाण काढून पाठ केले होते. त्यांचा खरा अर्थ हेल्मेटची काच वर करून कळतो.

आता खाडी. मला विचाराल तर हर्णै-रत्नागिरी वाटेतला सर्वांत सुंदर भाग रस्ता नसलेला आहे. फेरीबोट धक्क्याला लागते, लोखंडी फळी खाली पडते, आणि आधी पलीकडची वाहने बाहेर येतात: रिक्षा, टेम्पो, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. मग तुमची पाळी. ओहोटी असेल तर धक्क्याचा खालचा भाग शेवाळलेला असतो, आणि ओल्या पत्र्यावर पुढचे चाक गेले की पुढचा ब्रेक विसरायचा. मधली जागा चारचाकींची, मोटारसायकली कडेला. बोटीवरचा माणूस हाताने दाखवत राहतो, अजून मागे, अजून मागे, आणि हँडल शेजारच्याच्या आरशाला टेकते तेव्हा त्याचे समाधान होते. साईड स्टँड, पहिला गिअर, हँडल लॉक. मग दहा-पंधरा मिनिटे करण्यासारखे काहीच नसते. इंजिनाची टिकटिक थांबते, हातमोजे निघतात, शेजारचा विचारतो, कुठून आलात? वृत्तात यती असते ना, अर्थ न तोडता श्वास घ्यायला दिलेली जागा, तिचे काम इथे खाडी करते.

दाभोळ-धोपावे फेरी २००३ साली सुरू झाली. त्याआधी दाभोळहून गुहागरला गाडी न्यायची तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून जास्त किलोमीटरांचा वळसा होता. बोट निघाल्यावर मागे वळून पाहावे. काठावर आदिलशाही काळातली मशीद दिसते. हे आजचे निवांत गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे भरभराटीचे बंदर होते आणि १५०८ साली पोर्तुगिजांनी ते जाळले होते. पुढे पाहिले तर खाडीच्या तोंडाशी अंजनवेलच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या. त्या कंपनीला जाऊन किती वर्षे झाली, तरी इकडची माणसे त्याला अजून एन्रॉनच म्हणतात.

सगळीच वाट उत्तम आहे असे नाही. तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरले की काही किलोमीटर अवजड ट्रक, रुंद रस्ता आणि कोळशाची काजळी. हा मजकूर गाळला असता तर बरे, असे वाटते. पण मालगुंड येते आणि लय परत सापडते. केशवसुत इथले, जन्म १८६६चा. नैर्ऋत्येकडच्या वाऱ्याला उद्देशून त्यांनी कविता लिहिली आहे. तो वारा मात्र पावसाळ्याचा. डिसेंबरात सुट्टी काढून येणाऱ्यांना तो भेटत नाही.

गणपतीपुळे आणि रत्नागिरीच्या मधली आरे-वारेची चढण मी मुद्दाम शेवटी ठेवली. तिचे कौतुक इतके झाले आहे की नव्याने काय बोलावे? फक्त एक गोष्ट. आपण डावीकडून गाडी चालवतो. मुंबई-पुण्याकडून येणारे बहुतेक जण दक्षिणेला जातात, म्हणजे समुद्र उजव्या हाताला आणि त्यांची बाजू डोंगराच्या कापलेल्या भिंतीला चिकटलेली. समुद्र पाहायचा तो समोरून येणाऱ्या वाहनांच्या डोक्यावरून. हीच वाट रत्नागिरीहून उत्तरेकडे करावी. मग समुद्र डाव्या गुडघ्याशी येतो, कठड्यापलीकडे थेट खाली पुळण, सुरूची झाडे आणि फेसाची रेघ. त्यात सकाळची वेळ साधली तर ऊन डोंगराकडून येते, पाणी चकाकत नाही, त्याचा रंग दिसतो. मी इथवर वर्णन उत्तरेकडून केले, पण गाडी दक्षिणेकडून हाकावी असे माझे स्पष्ट मत आहे.

या मार्गावरच्या खाड्यांवर पूल बांधायचे काम आता राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. दाभोळ आणि जयगड त्यात आहेत. पूल झाले की ही यती जाईल आणि मला वाईट वाटेल. पण रात्री अडलेल्या बाळंतिणीला किंवा आंब्याच्या पेट्या वेळेवर पोचवणाऱ्या बागायतदाराला माझ्या रसिकतेशी काय देणेघेणे? पूल हवेतच. फार तर एवढे म्हणेन की ज्यांना बोटीतून गाडी न्यायची हौस आहे त्यांनी ती आताच भागवून घ्यावी.

तशी भागवताना धोपाव्याची शेवटची फेरी किती वाजता सुटते ते मात्र गुहागरलाच विचारून निघावे. ती चुकली तर पलीकडचे दाभोळ दिव्यांसकट दिसत राहते आणि तुम्ही चिपळूण, खेड, दापोली करत, गोवा महामार्गावर कंटेनरच्या मागे धूर खात, मध्यरात्री तिथे पोचता. त्या रस्त्यावर मी काही लिहिणार नाही.