'पिक अप' आणि 'उचलणे' : अर्थच्छटा, पर्याय आणि परिसर

प्रास्ताविक

इंग्रजीतील वाक्प्रचारात्मक क्रियापदे हा महाविद्यालयीन अध्यापनातील अवघड घटक मानला जातो. मूळ क्रियापद परिचयाचे असते, त्यापुढील अव्ययही परिचयाचे असते. मात्र दोन्ही एकत्र येताच अर्थ अनोळखी होतो. 'पिक अप' हे याचे ठळक उदाहरण होय. गोळा करणे, शिकणे, सुधारणे, अटक करणे, वेग घेणे, घ्यायला जाणे, आजार जडणे, खंडित झालेले पुन्हा सुरू करणे असे त्याचे अर्थ मार्गदर्शक पुस्तकांत एकाखाली एक छापलेले असतात. विद्यार्थी ही यादी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. शिरूर व दौंड तालुक्यांतील मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याजवळ या क्रियापदाची किल्ली आधीच असते. ती 'उचलणे' या मराठी क्रियापदात आहे आणि यादीची पद्धत नेमकी तिचीच उपेक्षा करते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक मूळ, अनेक शाखा

'पिक अप' या क्रियेत मुळात दोन गोष्टी घडतात. वस्तू खालून वर येते आणि ती उचलणाऱ्याच्या ताब्यात जाते. पहिल्या घटनेतून 'सुधारणे', 'वेग घेणे' हे अर्थ निघतात. दुसरीतून 'गोळा करणे', 'शिकणे', 'अटक करणे' हे. 'उचलणे' या क्रियापदाचा विस्तारही याच दोन दिशांनी झालेला दिसतो. मूल वडिलांची लकब उचलते, टाळकरी कीर्तनकाराची चाल उचलतात, व्यापारी बाजारातून माल उचलतो, थोरला भाऊ धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च उचलतो, पोलीस संशयिताला उचलतात. या पाचही वाक्यांत इंग्रजीत 'पिक अप' निर्वेधपणे चालते. हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. हाताने केलेल्या एका साध्या कृतीवरून दोन्ही भाषांनी अमूर्त व्यवहारांना नावे दिली आहेत.

जेथे दोन्ही क्रियापदे वेगळी होतात, ती स्थळेही तितकीच बोधप्रद आहेत. पुणे–सोलापूर आणि मनमाडकडे जाणारे लोहमार्ग एकत्र येणाऱ्या दौंड स्थानकावर पाहुण्याला 'घ्यायला' जातात. 'उचलायला' गेले, तर अर्थाचा अनर्थ होईल. आजार 'जडतो', धंदा 'जोर धरतो', तुटलेला धागा पुन्हा 'पकडला' जातो. उलटपक्षी विडा उचलणे, पाऊल उचलणे, हात उचलणे, मागणी उचलून धरणे, जुन्या दुखण्याने उचल खाणे आणि नको असलेल्या अधिकाऱ्याची उचलबांगडी करणे या प्रयोगांसाठी 'पिक अप' उपयोगी पडत नाही.

शिवाय हा इंग्रजी शब्द या परिसरात पूर्वीच स्थायिक झाला आहे. कांदा-भाजीपाला वाहणारी 'पिकअप' गाडी, दुचाकीला 'पिकअप नाही' ही तक्रार आणि रांजणगाव किंवा कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या बसचा 'पिकअप पॉइंट' यांतून माल उचलणे, वेग घेणे आणि वाटेत घेऊन जाणे या तीन अर्थांचा परिचय विद्यार्थ्याला असतो. वर्गात मात्र तेच अर्थ परके म्हणून शिकविले जातात.

पर्यायांचा प्रश्न

मार्गदर्शक पुस्तके अर्थाबरोबर पर्यायी शब्द देतात आणि ते परस्परांच्या जागी चालतील असे सूचित करतात. ही धारणा तपासून पाहणे आवश्यक आहे. इंग्रजीत अशा क्रियापदांचे औपचारिक पर्याय बहुधा लॅटिन कुळातील असतात, तर मराठीत ते संस्कृत कुळातील असतात. 'उचलणे' ऐवजी 'आत्मसात करणे', 'वहन करणे' किंवा 'ताब्यात घेणे' म्हटले की भाषा प्रतिष्ठित होते; पण हाताची कृती दृष्टीआड होते. प्रत्येक पर्याय मूळ अर्थाचा एकच पदर राखतो आणि उरलेले सोडून देतो.

याचा परिणाम केवळ शैलीपुरता राहत नाही. 'अटक केली' या शब्दप्रयोगाबरोबर संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे बंधन येते. 'उचलले' या शब्दातून असे कोणतेही बंधन सूचित होत नाही. किंबहुना ते न पाळले जाण्याची भीतीच त्यातून व्यक्त होते. हे दोन शब्द समानार्थी म्हणून शिकविणे म्हणजे एक महत्त्वाचा भेद पुसून टाकणे होय.

शब्दनिवडीच्या या प्रश्नाला दौंड तालुक्यात एक मोठी पूर्वपरंपरा आहे. केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असूनही सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीचा त्यांनी आग्रह धरला. साधा शब्द हा दुय्यम पर्याय नसतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

'उचल' : अर्थाची सामाजिक बाजू

भीमा व घोड या नद्यांच्या काठच्या ऊसपट्ट्यात 'उचल' या नामाला दोन रूढ अर्थ आहेत. ऊसतोडणी कामगाराला हंगामापूर्वी मुकादमामार्फत मिळणारी रक्कम ही उचल. ती पती-पत्नीच्या जोडीला, म्हणजे एका 'कोयत्या'ला मिळते आणि तोडणीच्या मजुरीतून फेडावी लागते. फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामावर जाते. त्याच उसाच्या उत्पादकाला कारखान्याकडून मिळणारा दराचा पहिला हप्ता हीदेखील 'पहिली उचल'च. एका उचलीत कर्ज आहे, तर दुसऱ्या उचलीत हक्काचे येणे. उसाच्या एकाच फडात कामगार आणि शेतकरी हा शब्द परस्परविरुद्ध अर्थांनी वापरतात. पहिल्या उचलीचे भाषांतर 'अग्रिम' असे केले की शब्दकोशाचे समाधान होते. पण कामगाराच्या डोक्यावरील ओझे शब्दातून नाहीसे होते.

या क्रियापदाने माणसांवर शिक्काही मारला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत काही समूह 'उचल्या' म्हणून ओळखले गेले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. लक्ष्मण गायकवाड यांनी तेच दूषण आपल्या आत्मकथनाचे शीर्षक केले आणि 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर खपविणाऱ्या सुशिक्षिताच्या कृत्यालाही मराठीत 'उचलेगिरी'च म्हणतात. तथापि त्यासाठी कोणत्याही समूहाला जन्मजात दोषी ठरविण्यात आले नाही, ही विसंगती लक्षणीय आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. 'पिक अप' सारख्या क्रियापदाचे अध्यापन अर्थांच्या यादीपासून नव्हे, तर मूळ कृतीपासून सुरू व्हावे. विद्यार्थ्याने 'उचलणे' चे आपल्या बोलीतील प्रयोग आधी सांगावेत, त्यांपैकी कोठे 'पिक अप' चालते आणि कोठे अडते हे तपासावे आणि त्यानंतर पर्यायी शब्दांकडे वळावे. कर्म सर्वनाम असेल तर ते 'पिक' आणि 'अप' यांच्या मध्येच येते, यांसारखे मराठीत नसलेले नियम मात्र स्वतंत्रपणेच शिकवावे लागतील. या पद्धतीला वेळ अधिक लागेल आणि सर्वच क्रियापदांना असा मराठी जोडीदार मिळणार नाही, या मर्यादाही मान्य कराव्या लागतात. तरीही ज्या विद्यार्थ्याच्या घरात 'उचल' फेडण्याची किंवा मिळण्याची चर्चा रोज होते, त्याला हे क्रियापद परके आहे असे गृहीत धरणे ही अध्यापनाची चूक ठरते. त्याच्या शब्दसंपत्तीला वर्गात स्थान मिळाल्यास इंग्रजीतील एक क्रियापद तर समजेलच, शिवाय आपल्या भाषेतील एक शब्द किती भार वाहतो याचीही त्याला जाणीव होईल.