हातातील गाठ आणि यशाचे गमक

हातातील मृदू ऊतींच्या सौम्य अर्बुदांवरील शस्त्रक्रियांचे जे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांत येतात, त्यांत यशाचे गमक बहुधा एकच मानलेले दिसते: गाठ पुन्हा उद्भवली की नाही. हे गमक खोटे नव्हे; अपुरे आहे. कंडरावरणाच्या महाकोशी अर्बुदाचा लहानसा अंश मागे राहिला, तर ते पुन्हा वाढते, हे खरेच. परंतु ते समूळ काढण्याच्या भरात बोटाच्या कडेची संवेदक नस दुखावली, तर कागदावर ‘पुनरुद्भव नाही’ अशी नोंद होते आणि बोट मात्र बधिर राहते. महाड-पोलादपूरकडील भातलावणीत रोपांची मूठ सोडवून एकेक चूड चिखलात रोवायचा असतो. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांच्या अग्रांवरच अधिक चालते. अशा हाताच्या दृष्टीने ही शस्त्रक्रिया यशस्वी कशी म्हणावी?

दुसरा दोष वर्गीकरणाचा. बोलीत सगळ्याच फुगवट्यांना ‘गाठ’ म्हणतात, त्यात वावगे काही नाही. पण शास्त्रीय वृत्तांताने तरी भेद राखावा. (सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी व अर्बुद यांची लक्षणे वेगळी सांगितली आहेत.) मनगटावरील गँग्लियन हे वस्तुतः अर्बुदच नव्हे, ते कित्येकदा आपोआप जिरते आणि सुईने द्रव काढला तरी पुष्कळदा परतते. काटा रुतल्यावर त्वचेचे कोश आत जाऊन होणारी पुटी निराळी. नखाखालचे ग्लोमस अर्बुद तर अवघ्या काही मिलिमीटरांचे. थंड पाण्याच्या स्पर्शाने असह्य कळ आणणारे. तेथे वेदना शमली की नाही, हाच मुख्य प्रश्न. या सर्वांची एकत्र टक्केवारी काढून काय कळणार?

गमक कसे निवडावे, याचा दाखला महाडातच आहे. विषय मात्र विंचूदंशाचा. डॉ. हिंमतराव बावस्कर व प्रमिला बावस्कर यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७० रुग्ण होते. दहा तासांनंतर विषलक्षणे पूर्ण निवळली का, हा प्रश्न आधीच निश्चित केलेला होता. प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२, तर केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्णांत ती निवळलेली आढळली. हस्तशल्याच्या वृत्तांतांतही बोटाचे वाकणे, मुठीचे बळ, दोन टोकांचा स्पर्श वेगळा ओळखण्याचे अंतर आणि कामावर परतण्याचा दिवस यांची नोंद शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर व्हावयास हवी. आणि जो रुग्ण घाटाखालच्या गावी गेला तो तपासणीस परत आलाच नाही, त्याची गणना बरे झालेल्यांत करू नये.