दृष्टांत

दृष्टांत : अपरिचित, अमूर्त वा गहन विषयाचे आकलन व्हावे, म्हणून त्याच्याशी एखाद्या बाबतीत साम्य असलेली परिचित वस्तू, घटना वा कथा पुढे ठेवून केलेले स्पष्टीकरण. ज्याचे स्पष्टीकरण करावयाचे त्या विषयास ‘दार्ष्टांतिक’ म्हणतात. स्वप्नात देवतेकडून मिळालेली सूचना असाही या शब्दाचा अर्थ मराठीत रूढ आहे. तो येथे अभिप्रेत नाही. साहित्यशास्त्रात उपमा, रूपक व दृष्टांत हे भिन्न अलंकार होत. उपमेत दोन वस्तूंतील साधर्म्य सांगितलेले असते, रूपकात त्यांचा अभेद कल्पिलेला असतो, तर दृष्टांतात दोन वाक्यार्थ बिंबप्रतिबिंबभावाने शेजारी ठेवलेले असतात. तथापि विवेचनाचे साधन म्हणून पाहता या तिहींपुढे एकच प्रश्न असतो : दाखविलेले साम्य कोठपर्यंत खरे मानावयाचे? दृष्टांताचे मूल्यमापन मुख्यतः या प्रश्नाच्या अनुरोधाने करावे लागते.

शास्त्रीय विचार : गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थांमध्ये दृष्टांताची गणना केलेली आहे. सामान्य लोक व परीक्षक या दोघांचेही ज्या अर्थाविषयी एकमत असते, तो दृष्टांत, असे त्याचे लक्षण तेथे दिले आहे. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे सिद्ध करताना नैयायिक स्वयंपाकघराचे उदाहरण देतात. स्वयंपाकघरात भांडी असतात, धान्य असते. परंतु पर्वतावर त्यांचा शोध कोणी घेत नाही. उदाहरणाचा कोणता अंश उपयोगाचा हे ‘हेतू’ या अवयवाने ठरलेले असते आणि ‘उपनय’ हा पुढील अवयव तेवढाच अंश प्रस्तुत विषयास लागू करतो.

वेदान्तात या मर्यादेची अधिक स्पष्ट चर्चा आढळते. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात पाण्यातील सूर्यप्रतिबिंबाचा दृष्टांत येतो आणि लगेच पुढील सूत्रात त्यावर आक्षेप घेतलेला आहे. सूर्य व पाणी हे दोन्ही मूर्त असून एकमेकांपासून दूर आहेत. आत्मा मात्र अमूर्त व सर्वव्यापी असल्याने त्याचे प्रतिबिंब कसे पडणार? उत्तर असे, की पाणी वाढले वा घटले, तर प्रतिबिंब वाढल्यासारखे वा घटल्यासारखे दिसते, सूर्यात काहीच फरक पडत नाही. एवढाच अंश येथे विवक्षित आहे. दृष्टांत व दार्ष्टांतिक यांत सर्वांशी साम्य दाखविता येत नाही आणि तसे साम्य असलेच, तर त्यांच्यातील हा संबंधच नाहीसा होईल, असे शंकराचार्यांनी भाष्यात म्हटले आहे.

मराठी परंपरा : तेराव्या शतकातील मराठी गद्य-पद्यात या साधनाचा दोन भिन्न रीतींनी वापर झालेला दिसतो. महानुभाव पंथातील केसोबास यांनी सिद्ध केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाचे सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक असे तीन भाग असून पहिले दोन चक्रधरांचे, तर दार्ष्टांतिक केसोबासांचे मानले जाते. या तिसऱ्या भागाचे महत्त्व हत्ती व जात्यंध यांच्या कथेवरून कळते. ही कथा पाली उदान  ग्रंथातही आहे. तेथे आंधळे आपापसांत मारामारीवर येतात आणि स्वमताचा आग्रह धरून भांडणाऱ्या परिव्राजकांवरील टीका म्हणून ती सांगितली जाते. जैन विचारवंत तिचा उपयोग अनेकान्तवादाच्या स्पष्टीकरणासाठी करतात. त्यामुळे प्रत्येक आंधळ्याचे म्हणणे अंशतः खरे, या बाजूवर भर पडतो. दृष्टांतपाठात  संपूर्ण हत्ती पाहणाऱ्या डोळस पुरुषाला महत्त्व येते आणि कथा ईश्वराचे एकदेशी ज्ञान व पूर्ण ज्ञान यांतील भेदाकडे वळते. एकाच कथेतून तीन तात्पर्ये निघतात, याचा अर्थ कथा स्वतः आपला अर्थ निश्चित करीत नाही. केसोबासांनी दार्ष्टांतिक वेगळे लिहून ही उणीव भरून काढली. त्यात चमत्कृती नाही. पण विचाराच्या शिस्तीचा तो उत्तम नमुना आहे.

ज्ञानेश्वरीत (१२९०) असे स्वतंत्र दार्ष्टांतिक बहुधा येत नाही. तेथे एका दृष्टांताची मर्यादा दुसरा दृष्टांत दाखवितो. तेराव्या अध्यायात अहिंसेचे वर्णन करताना ज्ञानी पुरुषाच्या हळुवार चालण्यासाठी प्रथम कमळातील केसर कुस्करतील या शंकेने पाय ठेवणारा भ्रमर येतो. परंतु भ्रमर मुळातच हलका. त्याच्या ठिकाणी इजा करण्याचे सामर्थ्य फारसे नाही. पुढे पिलाला तोंडात धरणारी मांजरी येते. तिचे दात तीक्ष्ण आहेत, तरी पिलाला ते रुपत नाहीत. अहिंसा म्हणजे दुर्बलता नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. तरीही येथे स्पर्श आहेच. तान्ह्याची वाट पाहणाऱ्या मातेच्या दृष्टीत तोही उरत नाही. ज्ञानेश्वरीतील दृष्टांतमाला ही केवळ कल्पनावैभवाची साक्ष म्हणून वाचली जाते, तेव्हा ही तर्कसंगती नजरेआड होते. अर्थात सर्वच मालांत अशी चढण नाही. काही ठिकाणी एकाच अर्थाची पुनरावृत्तीही आढळते.

विज्ञानातील उपयोग : येथे दृष्टांत समजावून सांगण्यापुरता राहत नाही, शोधाचेही साधन होतो. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये उष्णता-एंजिनाची तुलना जलप्रपाताशी केली. प्रपातापासून मिळणारे कार्य पाण्याच्या राशीवर व उंचीवर, तसे एंजिनाचे कार्य उष्णतेच्या राशीवर व तापमानांतील फरकावर अवलंबून असते, या विचारातून एंजिनाच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा दोन तापमानांवरच ठरते, हा महत्त्वाचा सिद्धांत पुढे आला. परंतु खाली पडलेले पाणी तेवढेच राहते, तशी उष्णताही तेवढीच राहते, हा तुलनेबरोबर आलेला दुसरा अंश चुकीचा होता. जूल यांच्या प्रयोगांनंतर क्लौझियस यांनी १८५० मध्ये उष्णतेचा काही भाग कार्यात रूपांतरित होतो हे मान्य करून कार्नो यांच्या सिद्धांताची नव्याने मांडणी केली. कार्नो यांना स्वतःलाही पुढे जुन्या कल्पनेविषयी शंका आली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणांवरून दिसते. मेरी हेसी यांनी १९६३ मध्ये साम्याचे अनुकूल, प्रतिकूल व अनिर्णित असे तीन अंश सांगितले. संशोधनाला दिशा मिळते ती अनिर्णित अंशातून. फसगतही तेथेच होते.

मूल्यमापन : दृष्टांताचा धोका तो विसरला जाण्यात आहे. विद्युत् ‘प्रवाह’ व विद्युत् ‘दाब’ या संज्ञांत पाण्याचे रूपक मुरलेले आहे. दाब वाढला की प्रवाह वाढतो हे त्यामुळे विद्यार्थ्यास चटकन पटते. पण नळ फुटला तर पाणी वाहू लागते आणि तार तुटली तर विद्युत् प्रवाह थांबतो, हा भेद शिक्षकाने सांगितल्यावाचून त्याच्या लक्षात येईलच असे नाही. सामाजिक विचारात याचे परिणाम अधिक गंभीर होतात. लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार नगर सोडून गेलेल्या रोमन सामान्यजनांना मेनेनिअस अग्रिपा याने पोट व अवयव यांची कथा सांगून परत आणले. परस्परावलंबनाचा अंश त्यात खरा आहे. परंतु हाताला शरीरावेगळी भूक नसते, नागरिकाला असते. हा प्रतिकूल अंश न सांगितल्यामुळे स्पष्टीकरणाची जागा मनधरणीने घेतली.

तेव्हा चांगल्या दृष्टांताला दोन कसोट्या लावता येतात : तो ऐकणाऱ्याच्या खरोखर परिचयाचा असावा आणि त्याचा कोणता अंश घ्यावयाचा व कोणता सोडावयाचा हे सांगणाऱ्याने स्पष्ट करावे. पहिली कसोटी पुष्कळ लेखक पाळतात. दुसरीकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते आणि मग सुबोधतेलाच सत्य समजण्याची चूक घडते.