न सापडणं आणि नसणं

मंडळी, आजचा विषय इतिहासाचा आणि मी तत्त्वज्ञानाचा माणूस. इतिहासवाल्यांच्या अंगणात जरा डोकावतो आहे. काही चुकलं तर शेवटी प्रश्नोत्तरांत कान धरा.

काही वर्षांपूर्वी एका पीएच.डी.च्या मौखिकीला मी परीक्षक होतो. विषय सामाजिक विचारांच्या इतिहासाचा होता, म्हणून माझी वर्णी लागली. प्रबंधात 1880 नंतरच्या एका शेतकरी सभेची हकीकत होती आणि पुढे हे वाक्य: 'या सभेची दखल तत्कालीन एकाही वृत्तपत्राने घेतलेली आढळत नाही.' या एका वाक्यावर पुढचं चाळीस पानांचं प्रकरण उभं होतं. पांढरपेशा वृत्तपत्रांनी मुद्दाम मौन पाळलं, असा त्याचा सूर.

मी विचारलं, "कुठे शोधलंत?"

"ऑनलाइन, सर. सगळीकडे."

"काय शोधलंत?"

त्याने गावाचं नाव सांगितलं, आजच्या शुद्धलेखनात.

आता आपल्याकडे 'नाही' हे ज्ञान कसं होतं यावर शेकडो वर्षं वाद झाला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही. पण एका अटीबद्दल फारसा वाद नाही: ती अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. खांबावर पिशाच दिसत नाही, यावरूनही ठरत नाही, कारण पिशाच मुळात दिसणाऱ्यातलं नव्हे. धर्मकीर्तीही बौद्ध बाजूने हेच बजावतो.

तर प्रश्न एवढाच, की या मुलाची खोली उजेडाची होती का?

गावाच्या नावात शेवटी 'गाव' होतं. 1962च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधी सर्रास 'गांव', 'नांव', 'कांहीं' छापत. म्हणजे ज्या काळात तो शोधत होता, त्या काळात तो शब्द त्या रूपात बहुधा छापलाच गेला नसणार. इंग्रजी कागदांत तर आणखी गंमत. बेळगावचं 'बेलगम' झालं, तीच गत बाकीच्या गावांची. माणसांचंही तेच. 1873च्या 'गुलामगिरी'च्या इंग्रजी मुखपृष्ठावर जोतीरावांचं आडनाव 'एफ'पासून सुरू होतं. तुम्ही आज 'पी-एच' टाकून शोधलंत तर खुद्द फुले तुमच्या हातून निसटतील!

हे झालं वर्तनीचं. त्याखाली आणखी एक थर आहे. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो असतो. त्यातली अक्षरं ओळखायचं काम ओसीआर करतं. फिकी शाई, झिजलेले खिळे आणि आपली जोडाक्षरं यांच्यापुढे ते अनेकदा हात टेकतं. मोडीचं तर विचारू नका. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 2014 साली. पेशवे दफ्तरातून सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात 45 भाग छापले, ते आपल्याला शोधता येतात. पण तिथे आपण दफ्तर शोधत नसतो, दफ्तरातून त्यांनी जे निवडलं ते शोधत असतो.

सूचींचीही तऱ्हा बघा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची हजारो पुस्तकं आता इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, हे थोर उपकार आहेत. माझी निम्मी म्हातारपणाची करमणूक त्यावर चालते. पण मराठी नावं रोमनमध्ये अशी काही लिहिली आहेत की लेखकालाही ओळखू येऊ नयेत. लेखकाच्या रकान्यात कित्येकदा 'उपलब्ध नाही'. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर फायलींची शीर्षकं बहुतेक वसाहतीच्या काळातल्या इंग्रजी कारकुनांची. गावकऱ्यांनी अर्ज केला तर शीर्षकात 'रहिवाशांचा अर्ज' एवढंच यायचं. तुमच्या खापरपणजोबांचं नाव आत असेल, बाहेर नसेल. म्हणून साहेब त्या गोष्टीला काय म्हणत असेल, तो शब्द टाकून बघावा लागतो.

मला खटकतं ते पुढचं. रिकामा पडदा दोघंही वापरतात. एक म्हणतो, उल्लेख नाही म्हणजे घडलंच नाही. दुसरा म्हणतो, उल्लेख नाही म्हणजे दडपलं. माझी सहानुभूती दुसऱ्याकडे आहे, लपवत नाही. पण आधार दोघांचा एकच, आणि तो कच्चा. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 साली छापली गेली. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत ती जवळपास विस्मरणात गेली होती. मधल्या नव्वद-एक वर्षांत कोणी 'असं पुस्तक आढळत नाही' म्हटलं असतं, तर खरं बोलून तो चुकलाच असता.

मी स्वतः एक साधी परीक्षा करतो. त्या संचातलं कुठलंही पान उघडायचं, डोळ्यांनी एक ठळक शब्द वाचायचा आणि तोच यंत्राला विचारायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा दहापैकी चार शब्द मिळाले. माझ्या आधीच्या दोन लेखांत 'आढळत नाही' लिहिलेलं होतं, ते आठवून त्या रात्री झोप आली नाही. जे पान समोर आहे तेच ज्याला दिसत नाही, त्याच्या 'नाही'ला किती किंमत द्यायची?

तर त्या मुलाला आम्ही वाक्य बदलायला सांगितलं. कोणते संच, कोणत्या सालांचे अंक, कोणकोणत्या रूपांनी शोध, किती पानं डोळ्यांनी चाळली, सगळं लिहा. वाक्याचा परिच्छेद झाला. मार्गदर्शकांना आवडलं नाही. मुलगा चिकाटीचा निघाला. एका जुन्या वाचनालयात दीड महिना बांधीव अंक घेऊन बसला. सभेचा उल्लेख त्याला तरीही मिळाला नाही. पण ऑनलाइन यादीत सलग दहा वर्षं दाखवलेल्या त्या संचात दोन सालांचे अंकच नव्हते, आणि सभा त्यातल्याच एका सालची होती.