‘आम्ही’, ‘आपण’ आणि स्थलनाम : दक्षिण कॅरोलिनातील एका निवडणुकीच्या भाषेचे परीक्षण

निवडणूक-प्रचाराची भाषा अल्पायुषी असते आणि म्हणून ती अभ्यासास अपात्र होय, अशी समजूत विद्वानांतही रूढ आहे. वस्तुतः ज्या वाक्यावर चार हजार मतांचा निर्णय अवलंबून असतो, त्या वाक्यातील पदांची निवड अत्यंत काटेकोरपणे झालेली असते. शिवाय त्या पदांनी दिलेले वचन पाळले गेले की नाही, हे पुढील दोन वर्षांतच उघड होते. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील पहिल्या मतदारसंघात २०१८ व २०२० साली प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी ज्या दोन अटीतटीच्या लढती झाल्या, त्यांचे परीक्षण या दृष्टीने उद्‌बोधक ठरते.

हा मतदारसंघ अटलांटिक महासागराच्या किनाऱ्याने पसरला आहे. चार्ल्स्टन नगराच्या आसपासची उपनगरे, पुळणींची गावे आणि दक्षिणेकडील ब्यूफर्ट परिसरातील बेटे त्यात येतात. १९८० सालच्या निवडणुकीत तो रिपब्लिकन पक्षाकडे गेला आणि पुढे जवळजवळ चार दशके त्याच पक्षाकडे राहिला. २०१६ साली डोनाल्ड ट्रंप यांना येथे सुमारे १३ टक्क्यांचे मताधिक्य होते. जून २०१८ मधील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत केटी अ‍ॅरिंग्टन यांनी विद्यमान प्रतिनिधी व माजी गव्हर्नर मार्क सॅनफर्ड यांचा पराभव केला. सॅनफर्ड हे ट्रंप यांचे टीकाकार होते आणि मतदानाच्या दिवशीच ट्रंप यांनी अ‍ॅरिंग्टन यांना जाहीर पाठिंबा दिला होता. नोव्हेंबरात मात्र डेमॉक्रॅटिक पक्षाचे जो कनिंगहॅम हे ३,९८२ मतांनी विजयी झाले. त्यांना ५०.६ टक्के, तर अ‍ॅरिंग्टन यांना ४९.२ टक्के मते मिळाली.

प्राथमिक निवडणुकीतील विजयानंतर अ‍ॅरिंग्टन यांनी केलेल्या भाषणात, रिपब्लिकन पक्ष म्हणजे राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांचा पक्ष होय, या अर्थाचे एक वाक्य होते. इंग्रजीत त्या वाक्याचा कर्ता प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम आहे. या सर्वनामाचा मराठी अनुवाद करू जाता एक अडचण उभी राहते आणि ती अडचणच येथे मार्गदर्शक ठरते. मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असा भेद आहे. पहिल्यात श्रोत्याचा समावेश नसतो, दुसऱ्यात असतो. हा भेद द्राविडी भाषांच्या दीर्घ सहवासाने मराठीत दृढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. इंग्रजीत तो व्याकरणाने दाखविला जात नाही, त्यामुळे तो प्रसंगावरून ठरवावा लागतो. अ‍ॅरिंग्टन यांच्यासमोर सभागृहात बसलेल्या समर्थकांना ते सर्वनाम ‘आपण’ असे ऐकू आले असणार. पण निवडणूक केवळ सभागृहातील श्रोत्यांवर जिंकता येत नाही. सॅनफर्ड यांना नुकतेच मत देऊन आलेला रिपब्लिकन मतदार, पक्षबाह्य मतदार आणि विरोधी मतदार या सर्वांना तेच सर्वनाम ‘आम्ही’ असे ऐकू आले असणार. एकाच वाक्याने एका समूहाला आत घेतले आणि दुसऱ्या, मोठ्या समूहाला उंबऱ्याबाहेर ठेवले.

कनिंगहॅम यांच्या घोषवाक्यात याउलट सर्वनामच नव्हते. ‘पक्षाहून लो-कंट्री मोठी’ हा त्याचा आशय. लो-कंट्री म्हणजे दक्षिण कॅरोलिनाचा किनाऱ्यालगतचा सखल प्रदेश. कोकणात समुद्राकडील सखल पट्टीला ‘खलाटी’ आणि सह्याद्रीकडील उंच भागाला ‘वलाटी’ म्हणतात, त्याच जातीचे हे भूरचनेवरून पडलेले नाव आहे. अशा नावाची शक्ती अशी की, ते कोणालाही पक्ष विचारीत नाही. भरती-ओहोटीच्या खाड्या, कोळंबीच्या होड्या आणि पावसाळ्यातील वादळे ज्याच्या ओळखीची आहेत, तो प्रत्येकजण त्या नावात आपोआप समाविष्ट होतो. व्याकरणदृष्ट्या ते विशेषनाम असले, तरी कार्यदृष्ट्या ते ‘आपण’ या सर्वनामाचे काम करीत होते.

केवळ नाव गोड म्हणून हे साधले नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शासनाने किनाऱ्यापलीकडील सागरतळाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग खनिज तेल व वायूच्या उत्खननास खुला करण्याचा मसुदा जाहीर केला. दक्षिण कॅरोलिनाचे रिपब्लिकन गव्हर्नर हेन्री मॅक्‌मास्टर यांनीही त्यास विरोध दर्शविला. किनाऱ्यावरील उपजीविका पर्यटन व मासेमारी यांवर उभी असल्यामुळे तेलगळतीचे भय पक्षभेद जाणत नव्हते. अ‍ॅरिंग्टन यांनी आरंभी राष्ट्राध्यक्षांच्या धोरणाला अनुकूलता दाखविली होती. सागरी अभियांत्रिकीचा अनुभव असलेले वकील कनिंगहॅम यांनी उत्खननविरोध हाच प्रचाराचा मध्यबिंदू केला. एकट्या घोषवाक्याने जागा जिंकली असे म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे होईल. त्या वर्षी देशभर डेमॉक्रॅटिक पक्षाच्या सुमारे चाळीस जागा वाढल्या होत्या. तथापि इतक्या प्रतिकूल मतदारसंघात त्या लाटेला वाट करून देणारा शब्द हाच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर घोषवाक्याच्या गुणांचा विचार झाला. त्याच्या मर्यादा २०२० साली दिसून आल्या. कनिंगहॅम यांनी वचनाप्रमाणे वर्तन केले नाही असे म्हणता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सभापतिपदासाठी त्यांनी स्वपक्षाच्या नॅन्सी पेलोसी यांना मत दिले नाही. अटलांटिक व पॅसिफिक किनाऱ्यांवरील नव्या उत्खननास कायमची बंदी घालणारे त्यांचे विधेयक सप्टेंबर २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगाच्या दोन्ही कलमांना त्यांनी अनुकूल मत दिले. किनाऱ्याचे हित या मतप्रसंगी कोणताच कौल देत नव्हते. जेथे स्थलनाम मौन पाळते, तेथे पक्षनाम बोलू लागते. २०२० च्या प्रतिस्पर्धी नॅन्सी मेस या राज्य विधिमंडळात असताना उत्खननाच्या विरोधकच होत्या, आणि त्या सप्टेंबरात ट्रंप यांनीही या किनाऱ्यावर उत्खननबंदी घोषित केली. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत बोलायचे तर पदाचे मूल्य विरोधातून सिद्ध होते, आणि विरोध नाहीसा झाला की त्या स्थानी ते पद भेदक राहत नाही. दोन्ही बाजूंनी लो-कंट्रीचे नाव घेतले तेव्हा त्या नावाचा अर्थ उरला, पण मूल्य उरले नाही. मेस ५,४१५ मतांनी निवडून आल्या.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ‘आपण’ म्हटल्याने कोण समाविष्ट होतात, हे बोलणारा एकटा ठरवीत नाही. लो-कंट्री या नावाने आज परक्याच्या डोळ्यांपुढे पुळणी आणि जुने वाडे येतात. पण हाच प्रदेश भातशेतीच्या मळ्यांवर राबविलेल्या आफ्रिकी गुलामांचा व त्यांच्या वंशजांचा आहे. त्यांच्या गल्ला भाषेतील आफ्रिकी घटक लोरेंझो टर्नर यांनी १९४९ सालच्या आपल्या ग्रंथात सप्रमाण दाखवून दिले. पहिल्या मतदारसंघातूनच १८७० साली जोसेफ रेनी हे प्रतिनिधिगृहाचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य निवडून आले होते. मतदारसंघाचा क्रमांक तोच राहिला, सीमा मात्र पुनःपुन्हा बदलल्या. स्थलनाम भूमीला चिकटलेले असते. मतदारसंघाचे नाव विधिमंडळाने काढलेल्या रेषेला चिकटलेले असते.

हा भेद पुढे न्यायालयात गेला. २०२० च्या जनगणनेनुसार या मतदारसंघात सुमारे ८८ हजार लोक प्रमाणापेक्षा अधिक होते. तथापि नव्या आखणीत केवळ संख्येचा समतोल साधला गेला नाही. चार्ल्स्टन परिसरातील तीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रहिवासी शेजारच्या सहाव्या मतदारसंघात गेले. २०२२ साली मेस सुमारे १४ टक्क्यांच्या फरकाने विजयी झाल्या आणि लढतीतील चुरस संपली. जानेवारी २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने ही आखणी वर्णाधारित ठरवून अवैध मानली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी तो निर्णय फिरविला. राज्याच्या बाजूचा युक्तिवाद असा की, आखणीमागे वर्णाचा विचार नसून पक्षहिताचा होता. पक्षहिताच्या आखणीत हस्तक्षेप करणे केंद्रीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच ठरविले होते. ज्या प्रदेशात वर्ण आणि पक्ष यांच्या मतरेषा बव्हंशी एकमेकींवर पडतात, तेथे एका शब्दाऐवजी दुसरा योजल्याने वादाचा निकाल बदलतो, ही गोष्ट शब्दार्थाच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येणार नाही.

घोषवाक्याने पक्षाला भूमीखाली ठेवले होते. आखणीच्या समर्थनात तोच ‘पक्ष’ शब्द उघडपणे भूमीच्या वर ठेवला गेला. दोन्ही विधाने एकाच किनाऱ्याविषयी आहेत. पहिले मतदारांपुढे केले गेले, दुसरे न्यायाधीशांपुढे. पहिल्याचा स्वीकार झाला तो दोन वर्षांपुरता. दुसऱ्याचा परिणाम मात्र ती रेषा टिकेपर्यंत राहणार आहे. घोषवाक्य खोटे होते असा याचा अर्थ नव्हे. परंतु ‘आपण’ या शब्दाचा विस्तार ज्या सत्तेच्या हाती असतो, त्या सत्तेविषयी ते काहीच बोलत नव्हते, आणि हीच त्याची उणीव होय. प्रचारभाषेच्या अभ्यासकाने म्हणूनच शब्दकोशाच्या बरोबरीने मतदारसंघाचा नकाशाही समोर ठेवला पाहिजे. ‘आपण’ हे सर्वनाम उच्चारणे कोणाही वक्त्याला शक्य असते. त्याची मोजदाद मात्र मतपेटीत होते, आणि कोणाचे मत कोणत्या पेटीत जावे हे आधीच ठरलेले असते.